पहिल्या टाक्याची बाई

१९ सप्टेंबर, सोमवार. काटा १९०

डॉक्टरीणबाईंनी ही वही दिली. रोज सकाळी नळी तीनदा फुंकायची, काटा जास्तीत जास्त जिथं जाईल तो आकडा लिहायचा, जितका वर तितका दम चांगला, आणि दिवसभरात काय केलं तेही लिहायचं. मी विचारलं, "आणि हे कोण वाचणार?" म्हणाल्या, "महिन्यानं आकडे मी बघेन. बाकीचं तुमचं तुमच्यापाशी." हे बरं झालं. मला बरंच लिहायचंय आणि त्यातलं चांगलं फार थोड्यांबद्दल आहे.

आजाराचं त्यांनी असं सांगितलं: तीस वर्षांच्या कापसाच्या धुळीनं फुप्फुसं आखडलीत. क्षय नाही, थुंकी तपासली, हा घ्या कागद. बरं होणार नाही, सांभाळलं तर वाढणार नाही. कापूस बंद, धूर बंद. मी म्हटलं, "जेवणाचं राहिलं, तेही बंद करा." हसल्या नाहीत. त्या पोरीला हसता येत नसावं.

कापूस बंद म्हणजे काय ते तिला काय ठाऊक? आमच्या मोहल्ल्यातल्या गेल्या बावीस वर्षांच्या प्रत्येक नवरीच्या दुलयांचा कापूस या हातांनी बडवलाय आणि पहिला टाकाही याच हातांनी घातलाय. पहिल्या टाक्याची बाई नवऱ्याची, मुलाबाळांची आणि धडधाकट लागते. माझा नवरा आहे, टीव्हीसमोर. मुलगा आहे, रशियात. धडधाकट नाही हे फक्त या वहीला माहीत, आणि दुर्दैवानं माझ्या सुनेला, बारचिनला. बाजाराला जाते सांगून तोंडाला ओढणी गुंडाळून कोकंदच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात जाऊन आले, तर ही फाटकातच उभी. "ओयी, काय म्हणाले?" सासूला ओयी म्हणते, आईची माया असल्यासारखी. मी म्हटलं, "कांदे महागलेत."

२१ सप्टेंबर. काटा १७५

मोहल्ल्यातली रोबिया कापसाची पाच पोती टाकून गेली. तिच्या मुलीचं, दुर्दोनाचं, दोन नोव्हेंबरला लग्न. आठ दुलया, चाळीस गाद्या. पहिला टाका पंधरा ऑक्टोबरला.

रोबियाबरोबर आमची शेजारीण सायोराही 'सहजच' आली. सहज ही बाई श्वाससुद्धा घेत नाही. मला खोकला आला तशी मान वाकडी करून, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाली, "इनोयत-ओपा, खोकला जुना वाटतो हो." मी म्हटलं, "जिऱ्याचा दाणा अडकला." म्हणाली, "तीन महिने?" बावीस वर्षं ती माझ्या पहिल्या टाक्याच्या सुईकडे बघतेय. मी मेले तर रडायला सगळ्यांत पुढं असेल आणि रडतारडता माझी सुई हुडकेल.

दुपारी अंगणात जर्दाळूखाली चटई घातली आणि बडवायला बसले. डाव्या छडीचे दोन, उजवीचा एक, मग जरा थांबायचं. हा माझा ठोका मोहल्ल्याच्या टोकापर्यंत ओळखतात, इनोयत कामाला बसली म्हणतात. पाव पोतं झालं आणि छातीत कुणी बूच मारलं. झाडाला धरून बसले. बारचिन आली आणि तिनं माझ्या हातातल्या छड्या काढून घेतल्या. विचारलंसुद्धा नाही. घरात येऊन तीन वर्षं नाही झाली, आणि हात माझ्या छड्यांना.

२४ सप्टेंबर. काटा १६५

कापूस तिच्याकडूनच करून घ्यायचं ठरवलं, दुसरा इलाजच नाही. पण अंगणात नाही. तिचा ठोका डावा-उजवा डावा-उजवा, पोलीस परेडला निघाल्यासारखा. सायोराला दोन ठोक्यांत कळेल हात कुणाचा. म्हटलं, "कोठारात जा आणि दार लावून घे."

"ओयी, खिडकी तरी उघडी ठेवू द्या."

"आवाज खिडकीतूनच जातो."

"धूळही खिडकीतूनच जाते."

बघा, तोंड कसं चालतं. छताजवळचा झरोका राहिला होता, त्यात मी स्वतः शिडीवर चढून जुनी गादी कोंबली. शिडीवरून उतरल्यावर अर्धा तास बोलता आलं नाही. तेवढा वेळ ती मला पाणी पाजत बसली. काम टाळायला निमित्त.

संध्याकाळी इसिरिकचा पाला संपलाय म्हणाली. घराला मी दिवसातून तीनदा इसिरिकची धुरी देते. खोल्या बंद करून, धूर कोपऱ्याकोपऱ्यात जाईपर्यंत. आजार पळवायला याहून जुनं औषध आमच्याकडे नाही. परवाच आणलेल्या दोन जुड्या संपल्या कशा? उकिरड्यावर सापडल्या, राखेखाली पुरलेल्या. काय समजायचं ते मी समजले. सासूच्या जिवावर उठणाऱ्या सुना ऐकून होते. बघितली आज.

३० सप्टेंबर. काटा २१५

डॉक्टरीणबाईंना दाखवायला हवा असा आकडा! आमच्या ह्यांनी मेंढीच्या शेपटीची चरबी आणली, ती गरम दुधातून घेतेय. सगळा गुण चरबीचा. डॉक्टरीणबाईंनी दिलेला पंपही ओढते, न्हाणीघरात, नळ सोडून. पण गुण चरबीचाच. इसिरिक सहा दिवस बंद असूनही काटा चढला, म्हणजे चरबीत किती ताकद असेल.

कोठारातून परेड चालू आहे. आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतो, सायोराला पत्ता नाही. काल भिंतीवरून म्हणाली, "ओपा, यंदा कोठारात बडवताय?" म्हटलं, "वय झालं, ऊन सोसत नाही." कापूस बघितला. छान फुललाय, हातात घेतला तर वजनच लागत नाही. हे मी तिला सांगणार नाही, आधीच डोक्यावर बसलीय.

६ ऑक्टोबर. काटा २२०

बारचिननं आता खोकायला सुरुवात केलीय. माझी नक्कल करते. मी खोकले की दोन मिनिटांनी ही खोकते. काल कोठारातून बाहेर आली तर पापण्यांपर्यंत पांढरी. म्हटलं, "सत्तर वर्षांची दिसतेस." ती हसायला लागली आणि हसताना तिला असा खोकला आला की जर्दाळूला धरून उभी राहिली. नाटकी तर नाटकी, झाडसुद्धा माझंच धरलं.

आमचे हे टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले, "अगं, ती गादी काढ झरोक्यातून."

म्हटलं, "तुम्हाला दुलयांतलं काय कळतं?"

"दुलयांतलं नाही कळत," म्हणाले आणि आवाज वाढवला. टीव्हीचा.

११ ऑक्टोबर. काटा २२५

कापूस संपला. गाद्या भरल्या, आठही दुलया भरून अंथरून ठेवल्या, टाक्याला तयार. बारचिन म्हणते, पुढच्या वेळी दवाखान्यात मलाही न्या, रात्री छाती शिट्टीसारखी वाजते. म्हटलं, "तुझं वय काय, छाती काय? दोघी तोंडं झाकून निघालो तर मोहल्लाभर होईल. पंधरा तारीख जाऊ दे, मग बघू." तिनं मान हलवली. निमूट मान हलवणाऱ्या माणसांची मला भीती वाटते, पोटात काय ते कळत नाही.

१५ ऑक्टोबर, शनिवार. काटा २३०

नीट लिहिते. उद्या कुणी काही म्हणालं तर माझ्यापाशी लिहिलेलं असू दे.

रोबियाच्या मोठ्या खोलीत तेरा बायका. मधोमध दुर्दोनाची लाल अतलस रेशमाची दुलई, चार कोपऱ्यांना चौघी. पलीकडचा कोपरा बारचिनकडे होता, कारण रोबिया म्हणाली, कापूस तुमच्या घरचा तर कोपराही तुमच्या घरचा. मी न्हाणीघरात दोनदा पंप ओढून बसले होते. माझी पहिली ओळ या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत असते, टाक्याटाक्याला एक मागणं, मध्ये थांबायचं नाही: पोरी, तुझी चूल पेटती राहो, तुझा नवरा वाटेवरून घरी येवो, असं. मी सुई उचलली आणि बारचिनला खोकला आला.

साधा नाही. वाकली, दुलईचा कोपरा सुटला, आणि थांबेचना. पोरंबाळं घेऊन बसलेल्या दोघी मागं सरकल्या. सायोरा उठून उभीच राहिली.

"हा क्षयाचा खोकला आहे. माझा काका याच आवाजानं गेला. रोबिया, तुझ्या मुलीच्या अंथरुणावर खोकतेय ही! आणि इनोयत-ओपा, तुमच्या घरातला खोकला आम्ही गेले तीन महिने ऐकतोय. कुणाचा आहे तो? तुमचा की हिचा?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. बारचिननंही बघितलं, डोळ्यांत पाणी आलेलं, खोकल्यानं. मी सुईत दोरा ओवत होते. दोरा ओवायचाच होता, तो काही मी मुद्दाम काढला नाही.

मग बारचिन म्हणाली, "माझा आहे. ओयींना काही नाही." तोंडाला ओढणी लावली आणि बाहेर गेली. सायोरानं लगेच खिडक्या उघडल्या.

मी ओळ घातली. सरळ पडली. मध्ये एकदाही थांबले नाही, सगळ्या म्हणाल्या ओपांचा हात तोच आहे. मी तरी काय करायला हवं होतं? तेरा बायकांत उठून म्हणायचं की आजारी मीच आहे? टाका पडला नसता, दुर्दोनाचं अपशकुनानं वाटोळं झालं असतं. मी पोरीचं लग्न सांभाळलं. आणि बारचिन आपणहून बोलली, मी सांगितलं नव्हतं.

१७ ऑक्टोबर. काटा २१०

काल सायोरा तिघींना घेऊन फाटकात. सुनेला चाळीस दिवस माहेरी पाठवा, मोहल्ल्यात लहान मुलं आहेत. मुलाला, इल्होमला, फोन केला. तिकडून म्हणतो, "आई, तू म्हणशील तसं." असला मुलगा जन्माला घालण्यापेक्षा मी आणखी दहा दुलया शिवल्या असत्या.

आमचे हे म्हणाले, "तिला क्षय नाही हे तुला माहीत आहे. तुझ्याकडे कागद आहे."

"कागदावर नाव माझं आहे."

"तेच म्हणतोय मी."

तीस वर्षांत पहिल्यांदा टीव्ही बंद करून बोलले आणि बोलले ते हे.

आज सकाळी बारचिन गेली. एक पिशवी. जाताना ह्यांना सांगत होती, ओयींच्या गोळ्या चहाच्या डब्यामागं आहेत, दूध उकळताना दार उघडं ठेवा. मी आतच होते. फाटकापर्यंत जायला मला दम नव्हता आणि असता तरी गेले नसते.

२० ऑक्टोबर. काटा १७०

सायोरानं इसिरिकच्या पाच जुड्या आणून दिल्या, तुमच्या घरातून आजार निघू दे म्हणून. बावीस वर्षांत तिनं मला काही दिलेलं हे पहिलंच. सगळ्या खोल्यांना धुरी दिली, सकाळ-दुपार-संध्याकाळ. आणि रोबियाच्या भाचीच्या लग्नाचं एक पोतं आलंय, ते मी स्वतः बडवतेय, अंगणात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. काटा उतरतोय. बारचिनची नजर लागली, दुसरं काय. जाताना मागं वळून घराकडं बघितलं होतं तिनं, ह्यांनी सांगितलं.

२४ ऑक्टोबर. काटा १४५

डॉक्टरीणबाईंकडे गेले. जिन्यावर दोनदा बसले. त्यांनी वही घेतली आणि नुसते आकडे बघायचे सोडून खालचंही वाचायला लागल्या. म्हटलं, "तुमचं ठरलं होतं फक्त आकडे." त्यांनी मान वर केली नाही. किती वेळ वाचत होत्या. बाहेर लोक दार वाजवत होते.

मग आकड्यांवरून बोट फिरवलं. "इथं तुम्ही बडवत होतात, धुरी देत होतात. काटा खाली. इथं सुनेनं छड्या घेतल्या, जुड्या पुरल्या. काटा वर. ती गेली. काटा खाली." म्हटलं, "चरबी—" म्हणाल्या, "चरबी तुम्ही अजूनही घेताय."

मी वही मागितली. त्या म्हणाल्या, "बंद कोठारात अडीच आठवडे. तुमच्या वाटणीची धूळ तिनं खाल्ली, इनोयत-ओपा. तिचा आकडा कोण लिहितंय?"

पोरगी माझ्या मुलाच्या वयाची आहे. तिला काय हक्क आहे माझ्याशी असं बोलायचा? बसमध्ये तिला द्यायची उत्तरं जुळवत बसले. माझा थांबा मागं गेला.

२६ ऑक्टोबर. काटा १५०

आज कोठारात जाऊन दार लावून बसले. कापूस कधीच गेलाय, नुसती भुकटी आहे, पाय टाकला की उठते. शंभरपर्यंत मोजायचं ठरवलं होतं. चाळिसाला बाहेर आले. मला स्वतःची लाज वाटली. हे मी आधी कधी लिहिलं असेल असं वाटत नाही. छड्या, सायोरा, डॉक्टरीण, सगळ्यांचा राग येतो आणि सगळ्यांत जास्त राग त्या पोरीचा येतो. गप्प का बसली ती? ओरडली का नाही माझ्यावर?

२९ ऑक्टोबर, शनिवार. काटा १६५

आज रोबियाकडे रुखवत मांडलं होतं. दुलया छतापर्यंत, माझी लाल सगळ्यांत वर. सगळा मोहल्ला होता. पुलाव वाढून झाल्यावर मी उभी राहिले आणि म्हटलं, "खोकला माझा आहे."

सायोरा म्हणाली, "कसला खोकला, ओपा?"

"तीन महिन्यांचा. तुझे कान तिखट आहेत, बरोबर ऐकलं होतंस. क्षय नाही, हा कागद, वाच. कापसानं छाती गेलीय माझी. बरी होणार नाही. या दुलयांतला एकही पुंजका मी बडवलेला नाही, सगळा बारचिननं बडवलाय. मी तिला कोंडून बडवायला लावलं, म्हणून ती खोकते."

एवढं बोलायला मला चारदा थांबावं लागलं. थांबले. सगळ्यांनी बघितलं कशी थांबते ती.

रोबिया रडायला लागली. तिची सासू, नव्वदीची, कागद उलटा धरून म्हणाली, "म्हणजे आमच्या पोरीचा पहिला टाका आजारी हाताचा." मग दुलई खाली काढली. माझी ओळ उसवायला सायोरा बसली. कात्री घेतली नाही, बोटांनी एकेक टाका ओढून काढला. मी तिथंच बसून राहिले, जा म्हणाल्या तरी गेले नाही. मग तिनं स्वतःची ओळ घातली. वाकडी आहे. मध्ये मागणं विसरली. हे मी तिथं बोलले नाही, पण वाकडी आहे.

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, "झालं तुमच्या मनासारखं?" म्हणाले, "चहा करू का?"

३१ ऑक्टोबर, सोमवार. काटा १६०

रिश्तानला आले, बारचिनच्या माहेरी. येताना वही पिशवीत टाकली, इथून दवाखान्यात जाईन म्हणून. आता जाईन असं वाटत नाही.

फाटक तिच्या आईनं उघडलं. आत या म्हणाली नाही. "मुलगी दिली होती तुमच्या घरात. पिंजण नव्हतं दिलं." आम्ही विहिणी एकमेकींशी इतक्या सरळ कधी बोललो नव्हतो. म्हटलं, "तिला बोलवा." म्हणाली, "तिला यायचं असेल तर येईल," आणि आत गेली.

मी बाकड्यावर बसले. बसथांब्यापासून इथवर चढ आहे, छातीचा भाता झाला होता. बऱ्याच वेळानं बारचिन आली. वाळलीय. आता खोकला फक्त पहाटे येतो म्हणाली, इथल्या डॉक्टरांनी सांगितलंय कापसापासून लांब राहिलीस तर जाईल. म्हटलं, "कोठाराला कुलूप घातलंय. पोतं परत केलं. मी सगळ्यांसमोर सांगितलं, माझी ओळ उसवली त्यांनी. आता चल."

"कळलं मला. सायोरा-खालांचा फोन आला होता."

"तिचा येणारच."

ती हसली नाही. फाटकाला धरून उभी होती. "ओयी, एक विचारू? त्या दिवशी सायोरा-खाला तुम्हाला विचारत होत्या, खोकला कुणाचा. मी आईला दोन आठवडे सांगतेय, ओयी दोरा ओवत होत्या, त्यांना ऐकूच आलं नसणार. ऐकू आलं असतं तर त्या बोलल्या असत्या. आई म्हणते, मी वेडी आहे."

हो म्हटलं असतं तर ती चप्पल घालून आली असती. मला दिसत होतं ते. पिशवी तिनं भरूनच ठेवलेली असणार, मी ओळखते तिला. एक 'हो' म्हणायला काही दम लागत नाही.

मी म्हटलं, "आलं होतं ऐकू."

तिनं फाटकावरचा हात काढला. मग आत गेली आणि फाटक लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज मात्र आला नाही, की मलाच ऐकू आला नाही, सांगता येत नाही. मी बाकड्यावरच आहे, इथंच हे लिहितेय. कोकंदची शेवटची बस पाचला आहे. ती मी सोडणार आहे.